तात्या, बंदूक थांबली नाही

तात्या, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा बोगद्यात फायरिंग चालू होतं. आपल्या चाकणच्या शेडमागचा तो लांबलचक काँक्रीटचा बोगदा, जिथं तुम्ही आणि मी मिळून इतकी वर्षं मशीनगन चालवल्या, मोडल्या आणि पुन्हा जोडल्या. असेंब्लीतला नितीन फोन हातात धरून आला आणि नुसता उभा राहिला. मला कळलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, काम थांबवू, दोन मिनिटं शांत उभं राहू." मी म्हटलं, "त्यांना शांतता कधी सोसली होती? गोळ्यांचा एक अख्खा पट्टा लावा." मग सगळी शॉप कानांवर मफ चढवून उभी राहिली आणि तयार बंदुकांतली एक आम्ही पट्टा संपेपर्यंत चालवली. कुठं अडखळली नाही. मफ काढले तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते. साहेबांनी विचारलं, रिपोर्टात हे काय म्हणून दाखवायचं? मी म्हटलं, चाचणी म्हणून दाखवा.

गावच्या फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. युनिफॉर्ममधला फोटो, छातीवर पदकं, खाली निम्म्या मावळाची नावं. मिशी मात्र त्या फ्लेक्सवाल्यानं काळी कुळकुळीत करून टाकलीय. तुम्ही बघितली असती तर त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. नावापुढं 'सुभेदार (निवृत्त)' लिहिलंय. निवृत्त म्हणे! फौजेतून घरी आलात ते जेमतेम एक भातलावणी करायला. ती संपली आणि आमच्या डोक्यावर येऊन बसलात.

तुमचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. कंपनीनं ठरवलं होतं, आपल्या फौजेसाठी आपली मशीनगन बनवायची. बाहेरच्या जुन्या नमुन्याची नक्कल नको, ड्रॉइंग आपलं, पोलाद आपलं. डिझाइन माझ्याकडे होतं. चालवून बघायला आयुष्यभर मशीनगन वाहिलेला माणूस पाहिजे, म्हणून तुम्हाला आणलं. मी पहिला नमुना टेबलावर मांडला, नवं काळं कोटिंग केलेला, बोट लावलं तर ठसा उमटेल असा. तुम्ही हात मागं बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "नवरी नटवलीया झ्याक. पर नांदंल का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, नांदायचं एकट्या नवरीनं नसतं. सासरच्यांनीही नीट वागायला लागतं." सगळी शॉप हसली, तुम्ही सोडून. दुपारी कॅन्टीनमध्ये मात्र डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसलात आणि न विचारता भाकरीचा चतकोर माझ्या ताटात टाकलात. वर म्हणालात, "बाईसाहेब, खाऊन घ्या, भांडायला ताकद लागंल." त्या दिवसापासून मी तुमची बाईसाहेब, तुम्ही आमचे तात्या.

कंपनीत पाहुणे यायचे आणि विचारायचे, मशीनगन म्हणजे सिनेमात असते तीच ना? त्यांना समजावायचं काम तुमचं. "लग्नघरात एक गडी असतो बघा. पंगतीला वाढायला त्योच, पाणी भरायला त्योच, मांडव सोडायलाबी त्योच. ही तशी." आणि खरंच आहे. दोन पायांवर टेकवली की एक माणूस जमिनीवर झोपून चालवतो. तिवईवर चढवली की डोंगराचा अख्खा उतार राखते. गाडीच्या टपावर बसते, हेलिकॉप्टरच्या दारातही बसते. सारखी चालवून नळी तापली की ती काढायची, दुसरी बसवायची आणि पुन्हा सुरू. म्हणजे बंदूक हलकी पाहिजे, कारण चढावर ती माणसाच्याच खांद्यावर जाते. आणि जडही पाहिजे, कारण हलकी बंदूक नाचते. हलकी की जड, यावर आपण किती चहा गार केला असेल, देव जाणे.

मी वजन उतरवलं तेव्हा तर तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत. "ही नाचंल." "नाही नाचणार तात्या, मी गणित केलंय." "गणित कागदावर करत्यात. गोळी कागदावर न्हाई लागत." "तुमचं टार्गेट कशाचं असतं मग? कागदाचंच ना?" नितीनला हसू आवरेना, त्यालाही दोन शब्द बसले. मग टार्गेट लावलं. तुम्ही स्वतः झोपलात, स्वतः चालवलीत आणि स्वतःच जाऊन कागद उतरवून आणलात. उजेडात धरलात. भोकं एका ताटलीत मावत होती. तुम्ही कॅन्टीनमध्ये गेलात आणि दोन चहा घेऊन आलात. माझ्यात साखर जास्त. तुमच्या मानानं हा जाहीर माफीनामाच होता. खोटं कशाला बोलू, तो चहा मी अगदी चवीचवीनं प्यायले.

पण बंदूक थांबण्याच्या बाबतीत तुम्ही इतके करवादता का, हे मला बरंच उशिरा कळलं. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आडवा झाला होता, कंपनीची बस जागची हलत नव्हती, वरचा पत्रा तापला होता. मी सहज विचारलं, "तुमचा महेशही फौजेत आहे ना? तोही मशीनगनवर का?" तुमचा चेहरा एकदम बंद झाला. "त्याला बजावून ठिवलंय. फौजेत ऱ्हा, नाव काढ. पर मशीनगनला हात लावायचा न्हाई. लावलास तर माझ्या दारात येऊ नको."

का, म्हटलं. मग खिडकीबाहेर बघत तुम्ही सांगितलंत. बर्फातलं ठाणं. बंदुकीवर तुम्ही, शेजारी पट्टा हातात धरून तुमचा जोडीदार, साताऱ्याकडचा सर्जेराव. खालून चढून येणारी माणसं. आणि मधेच बंदूक थांबली. अडकलेलं काढून ती पुन्हा सुरू करायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सर्जेराव गेला. "मशीनगन बोलाय लागली की समदा मारा तिच्यावरच येतो, बाईसाहेब. बोलत ऱ्हायली तर वाचला. गप झाली की संपलं. त्ये गप व्हणं आजूनबी माझ्या कानात हाय." बस सुटली, तुम्ही रुमालानं तोंड पुसलंत आणि ड्रायव्हरला डावीकडून काढायला सांगितलंत.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. पेटंट मिळालं असतं, बक्षीस मिळालं असतं, ते सगळं बाजूला. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की ही बंदूक आपल्या माणसाच्या हातात निर्धास्त द्यावी. एवढंच. आणि कौतुकाच्या बाबतीत तुमच्याइतका चिक्कू माणूस मी उभ्या पुणे जिल्ह्यात पाहिला नाही.

मग आली ती खंडेनवमी. त्या दिवशी चाकणला कुठल्याही शेडमध्ये जा, सीएनसी मशीनला झेंडूची माळ, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू, पान्यांना हळदकुंकू. आपल्याकडे तर खरंखुरं शस्त्र. पूजेचा मान तुमचा, कारण फौजेत शस्त्रपूजा केलेला दुसरा कुणी नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाटावर लाल कापड, त्यावर आपला सगळ्यात चांगला नमुना. हळद झाली, कुंकू झालं, फुलं झाली. मी म्हटलं, "तात्या, वरचं झाकण उघडं आहे. जरा बेतानं." "देवाला बेतानं वाहत्यात व्हय?" म्हणालात आणि मूठभर अक्षता वरून सोडल्यात.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि लगेच फौजेचे अधिकारी बंदूक बघायला आले. पोरांनी ती पुसली होती, तेल दिलं होतं. तुम्ही झोपलात, पट्टा लावलात, सुरू केलीत. थोडी चालली आणि थांबली. तुम्ही पुन्हा खेचलीत. पुन्हा थांबली. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तुम्ही त्या क्षणी चाकणमध्ये नव्हता हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी झाकण उघडलं. पट्टा पुढं ओढणारा जो छोटा पंजा असतो, त्याच्याखाली कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. पंजा खाली बसेना, म्हणून पट्टा पकडेना. कर्नलसाहेबांनी तो दाणा तळहातावर घेतला, निरखला आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

मी तुमच्यावर जे तोंड सोडलं ते शेजारच्या कंपनीतही ऐकू गेलं असेल. "एवढ्या वर्षांचं काम मूठभर तांदळात घातलंत!" तुम्ही ऐकून घेतलंत. मग उठलात आणि माझ्या दुप्पट आवाजात म्हणालात, "तांदळाच्या दाण्यानं थांबती ती बंदूक कसली? राजस्थानची वाळू काय सोवळं नेसून येती व्हय?"

"पूजा कुणी केली?"

"बंदूक कुणी केली?"

नितीननं आपल्या दोघांना पाण्याचे ग्लास आणून दिले आणि तो हळूच सटकला.

त्या रागातच मी ड्रॉइंग उघडलं. पंजाखाली एक तिरकी खाच आरपार काढली, म्हणजे आत जे काही पडेल ते बंदुकीच्या हादऱ्यानंच खाली गळून जाईल. सांगायला सोपं आहे. खाच पाडली की बाजूची भिंत कमजोर होते, भिंत जाड केली की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की तुम्ही गालातल्या गालात हसता. तुम्ही रोज काहीतरी ओतायला घेऊन यायचात. इंद्रायणीकाठची वाळू, लेथवरचा बारीक कीस, शेतातली वाळकी माती, एकदा तर घरून काकूंच्या डब्यातली ज्वारी. बंदूक थांबली की माझ्याकडं बघायचात, मी खाच बदलायची. मग एक दिवस ती थांबेना. तुम्ही ओतताय, ती चालतेय. अजून ओतताय, अजून चालतेय. तुमच्याजवळची माती संपली. ड्रॉइंगवर त्या खाचेला एक लांबलचक नाव आहे, पण शॉपमध्ये सगळे तिला 'तांदळाची खिडकी' म्हणतात, आणि परवा एका बड्या अधिकाऱ्यानंही तेच नाव घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही पूजा केलीत, झाकण उघडून ओंजळभर अक्षता आत टाकल्यात आणि तसाच पट्टा लावून चालवलीत. लाल दाणे खालून गळत होते आणि पोरं शिट्ट्या मारत होती. आता ती रीतच पडलीय. बाकीच्या कंपन्यांत मशीन बंद ठेवून पूजा करतात, आपल्याकडं चालवून करतात.

चूक कुणाची, ते मात्र ठरलं नाहीच. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेईन असं समजू नका. चूक तुमचीच होती. फक्त असली चूक करायलाही नशीब लागतं, आणि ते आमचं होतं.

आपला आणखी एक वाद अर्धा राहिला. मी एकदा म्हटलं होतं, "तात्या, आपण एवढ्या अभिमानानं बनवतो, पण समोरच्या बाजूलाही कुणाचा तरी मुलगाच असतो." तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. चिडला नाहीत. "असतो की. म्या बघितल्यात त्यांची तोंडं. पर चालती मशीनगन समोर असली की माणूस उठत न्हाई, भुईला चिकटून ऱ्हातो. आन् चिकटलेला माणूस घरी जातो, त्यांचाबी आन् आपलाबी." मला ते पुरतं पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही. पण तुम्ही ते बघून आला होतात आणि मी नाही, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

फौजेच्या चाचण्यांना वाळवंटात तुम्ही आलात. तोंडाला उपरणं गुंडाळून दिवसभर उन्हात उभे. बंदूक वाळूत लोळवली, वाऱ्यात ठेवली, पुन्हा लोळवली, आणि ती चालली. तुम्ही मात्र तिथंच धापा टाकायला लागलात आणि डॉक्टरांनी बर्फातल्या चाचणीला साफ नाही म्हटलं. मी गेले. पायांची बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं. रेंजवरून खाली आल्यावर पहिला फोन तुम्हाला केला.

"किती येळा थांबली?"

"तिच्या दोषानं एकदाही नाही, तात्या."

तुम्ही म्हणालात, "बरी हाय."

"बरी?" मी बर्फात उभी राहून ओरडले, जवान वळून बघायला लागले. "एवढं करून बरी?"

"बरी म्हंजी बरी," म्हणालात आणि फोन ठेवलात.

पहिली खेप गेटातून निघाली त्या दिवशी काठी टेकत आलात. ट्रकला झेंडूचं तोरण होतं, साहेबांनी नारळ फोडला. ट्रक हलला तसे तुम्ही काठी माझ्या हातात दिलीत, ताठ झालात आणि सॅल्यूट केलात. ट्रक वळणाआड जाईपर्यंत हात खाली आला नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला, कॅन्टीनच्या मावशी, सगळे स्तब्ध. मी म्हटलं, "आता तरी बोला काहीतरी." तुम्ही काठी परत घेतलीत. "रस्त्यात लई खड्डं हायती. डायवरला हळू जायला सांगा."

शेवटचं भेटलो ते चिंचवडच्या दवाखान्यात. नाकात नळी, आवाज बसलेला. मी मोसंबी सोलत होते आणि तुम्ही विचारत होता, नव्या लॉटच्या नळ्या आल्या का, पोलाद तपासलं का, नितीन आळस करत नाही ना. मला विचारायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं, की तात्या, खरं सांगा, द्याल का ही बंदूक आपल्या माणसाच्या हातात? पण नाकात नळी असलेल्या माणसाकडून कौतुक मागायचं म्हणजे भीकच की. मी तुम्हाला मोसंबीची फोड दिली. तुम्ही म्हणालात, आंबट आहे.

काल तुमचा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर मी काकूंजवळ ओट्यावर बसले होते. महेश आला. डोकं भादरलेलं, तुमच्यासारखाच ताठ. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमची बंदूक आमच्या पलटणीला आली."

"माहीत आहे रे. कशी चालतेय?"

"मीच आहे तिच्यावर. नंबर एक, चालवणारा."

मी काकूंकडं बघितलं, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, तात्यांनी तुला बजावलं होतं ना? त्यांना माहीत होतं?"

"त्यांना विचारल्याशिवाय कसा घेईन, ताई? आमच्या साहेबांनी तिच्यासाठी माझं नाव पुढं केलं तेव्हा मी नकोच म्हणणार होतो. तरी एकदा फोन केला. म्हटलं, शिव्या घालतील आणि विषय संपेल. त्यांनी विचारलं, बंदूक कुठली? मी सांगितलं, चाकणची. मग बराच वेळ बोललेच नाहीत. आई शेजारीच होती, विचारा तिला."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "रडत हुते," म्हणाल्या. "मंग म्हणाले, घे. आपल्या पोरीची हाय. ती थांबायची न्हाई."

तात्या, मी तिथं ओट्यावर सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडले. महेश उद्या पलटणीत परत जातोय. अभिमानानं ऊर भरून आलाय आणि त्याच्या काळजीनं जीव टांगणीला लागलाय, दोन्ही एकदम. आज सकाळी आल्या आल्या मी नितीनला सांगून टाकलंय: नव्या लॉटमधली एकही बंदूक मी स्वतः झोपून चालवल्याशिवाय गेटाबाहेर जाणार नाही.